वशिल्याची वाट पाहू नका, शोध घ्यायला शिका!

धर्मांतरित बंधु-भगिनींनो,

तुम्ही धम्मदीक्षा घेतलीत. घरातील देव्हारा उतरविलात, नवससायास सोडलेत, गावकीची हीन मानलेली कामे नाकारलीत. हे धैर्याचे काम होते यात शंका नाही. परंतु आज आम्ही तुमचे अभिनंदन करण्यासाठी लेखणी उचललेली नाही. आज आम्हाला तुम्हाला एक रोखठोक प्रश्न विचारावयाचा आहे. देव सोडलेत, सण बदललेत, मुलांची नावे बदललीत. पण पोट भरण्याचा रस्ता बदललात काय? तुमच्या घरातील शिकलेला मुलगा आज कोठे बसला आहे? पदविका घेतलेली तुमची मुलगी आज कोणाची वाट पाहत आहे?

उत्तर आम्हाला ठाऊक आहे. वस्तीवस्तीतून ते एकाच सुरात ऐकू येते. “कोणी ओळखीचा भेटला म्हणजे काम होईल.” “साहेबांना शब्द टाकला आहे.” “आपला कोण आहे तेथे?” बंधूंनो, या वाक्यांत आपल्या समाजाची केवढी मोठी गुलामी साठलेली आहे याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? ज्यांनी देवाच्या कृपेची वाट पाहणे सोडले, त्यांनी साहेबाच्या कृपेची वाट पाहत बसावे, याहून मोठी विसंगती कोणती?

आणि हे सारे कोठे घडते? ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याच्याच घरी घडते! रात्री बारा वाजेपर्यंत बोटाने सरकत जाणाऱ्या चित्रफिती पाहावयाच्या, जयंतीच्या मिरवणुकीची छायाचित्रे एकमेकांना पाठवावयाची, आणि सकाळी उठून “नोकऱ्या कोठे आहेत?” असा टाहो फोडावयाचा. त्याच मोबाईलमध्ये, त्याच समाजमाध्यमांवर शोधाची जी साधने आहेत, ती उघडून पाहण्याची तसदी आपल्यापैकी कितीजणांनी घेतली आहे? आम्ही हे टोचून बोलत आहोत, कारण प्रश्न टोचण्यासारखाच आहे.

ओळखीचा इतिहास काय सांगतो?

नोकरी ओळखीने मिळते ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. उलट, ती कशी मिळत आली हे तुम्ही नीट जाणून घ्यावे असा आमचा आग्रह आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत मजूर भरती करणारा जॉबर असे. गिरणीच्या फाटकावर उभा राहून तो आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा माणूस आत घेई. आपले लोकही गिरण्यांत होते. पण अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कारण काय सांगितले जाई? धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, म्हणून अस्पृश्याचा स्पर्श झालेला धोटा इतरांना चालत नाही! १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला होता. मजुरांची एकी करावयाची, आणि चांगल्या मजुरीचे खाते मात्र आपल्या जातीसाठी राखून ठेवावयाचे, हे ढोंग त्यांनी चव्हाट्यावर आणले.

खेड्यात तर याहून वाईट अवस्था होती. तेथे जॉबरचीही गरज नव्हती. जन्माबरोबरच काम ठरलेले असे. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबावयाचे आणि बलुत्याच्या मूठभर धान्यावर जगावयाचे. १९२८ सालीच बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हावयास मात्र १९५८ साल उजाडले. तीस वर्षे! एका हीन भाकरीतून सुटण्यास तीस वर्षे लागली. ज्या लोकांनी ती भाकरी लाथाडली, त्यांच्या नातवंडांनी आज ‘कोणीतरी देईल’ म्हणून हात पसरून बसावे काय?

आणखी एक गोष्ट पाहा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात, १९४५ साली, देशात सेवायोजन कार्यालयांच्या यंत्रणेचा पाया घातला गेला. त्या यंत्रणेमागील तत्त्व ध्यानात घ्या. जागा कोठे रिकामी आहे ही बातमी जॉबरच्या खिशात राहू नये, ती सरकारी दप्तरात नोंदली जावी, आणि ज्याला काम हवे आहे त्याला ती मिळावी. पुढे १९५९ साली रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याची सक्ती करणारा कायदा झाला. पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू झाला. पण त्यात एक मोठी पळवाट होती. जागा कळविण्याची सक्ती होती. कार्यालयाने पाठविलेला माणूस घेण्याची सक्ती नव्हती. मालकाने कागद पाठवावा आणि माणूस मात्र आपल्या ओळखीतला घ्यावा, असे चालले. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा विलीन करण्यात आला. पण त्याने शिकविलेला धडा आपण विसरता कामा नये. बातमी उघड होणे ही न्यायाची पहिली पायरी आहे, ती शेवटची पायरी नव्हे. मात्र पहिल्या पायरीवर जो पाय ठेवीत नाही, त्याने शेवटच्या पायरीच्या गोष्टी कशाला कराव्यात?

बिनचेहऱ्याचा जॉबर

आता कोणी म्हणेल, “समाजमाध्यमांवर तर सारे खुले आहे, तेथे जात नाही, जॉबर नाही.” बंधूंनो, या भोळसटपणापासून सावध राहा. तेथेही जॉबर आहे. फक्त त्याला चेहरा नाही. तुमच्या मोबाईलच्या पडद्यावर काय यावे आणि काय येऊ नये, हे एक यंत्र ठरविते. नोकरीची जाहिरातही तेच वाटते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ साली फेसबुकवर जाहिराती देऊन याची परीक्षा घेतली. लाकूडतोडीच्या धंद्यातील नोकरीची जाहिरात ज्यांच्यापर्यंत पोहोचली, त्यांत सुमारे नव्वद टक्के पुरुष आणि बहात्तर टक्के गोरे होते. सुपरमार्केटमधील रोखपालाच्या जागेची जाहिरात पाहणाऱ्यांत सुमारे पंच्याऐंशी टक्के स्त्रिया होत्या. जाहिरात देणाऱ्याने ‘फक्त पुरुष’ किंवा ‘फक्त स्त्रिया’ असे सांगितले नव्हते. यंत्रानेच ती निवड केली.

याचा अर्थ काय? अर्थ असा की, पडद्यावर आपोआप जे येते ते पाहत बसणे म्हणजे बलुत्याची वाट पाहणे होय. जे वाढले जाईल ते घ्यावयाचे. शोधणे ही वेगळी गोष्ट आहे. जो शोधतो तो आपल्या तोंडाने मागतो. “मला हे काम हवे, या गावी हवे, या आठवड्यात निघालेले हवे,” असे तो यंत्राला बजावतो. शोधाचे उत्तरही यंत्रच देते, त्यामुळे तेथे पूर्ण न्याय मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण वाढपी वाढील ते मुकाट्याने खाणारा आणि ‘अमुक आण’ म्हणून सांगणारा, या दोघांत स्वाभिमानाचा फरक आहे.

दूरची ओळख ही आपल्यापासून हिरावलेली संपत्ती आहे

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक सिद्धांत मांडला. नोकरीची बातमी माणसाला जिवलगांकडून कमी, आणि दूरच्या, अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक मिळते. कारण उघड आहे. तुमच्या भावाला आणि शेजाऱ्याला तेच ठाऊक असते जे तुम्हाला ठाऊक आहे. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांची छाननी झाली. अगदी जवळच्या ओळखींपेक्षा काहीशा दूरच्या ओळखींमुळे नवी नोकरी मिळण्यास अधिक साहाय्य होते, असेच त्यातही दिसून आले.

हा सिद्धांत आता आपल्या गावाला लावून पाहा. अस्पृश्यतेने काय केले? वस्ती गावाबाहेर टाकली, पाणवठा वेगळा केला, पंगत वेगळी केली, शाळेत कोपऱ्यात बसविले. म्हणजेच दूरची ओळख होण्याच्या साऱ्या जागा मोडून टाकल्या! आपले आपसांतील नाते घट्ट राहिले. पण वस्तीच्या वेशीपलीकडे आपल्याला ओळखणारे कोणी उरले नाही. बहिष्काराचे हे आर्थिक स्वरूप आपण कधी नीट समजून घेतले नाही. पाणवठ्यावरून हाकलताना पाण्याबरोबर बातमीही हिरावली गेली. म्हणून आम्ही म्हणतो की, शोधाचे साधन हा आपल्यासाठी करमणुकीचा विषय नाही. ज्या चौकात आपल्याला उभे राहू दिले नाही, त्या चौकातील बोलणे ऐकण्याचा तो एक मार्ग आहे.

शोध कसा घ्यावा?

नुसता उपदेश करून आम्ही थांबणार नाही. तुमच्या मुलीने प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका घेतली आहे असे समजा. ती लिंक्डइनवर जाते, एक शब्द टाकते, चार जागा पाहते आणि निराश होते. चूक कोठे झाली? एकाच कामाला दहा मालक दहा नावे देतात. कोणी ‘लॅब टेक्निशियन’ म्हणतो, कोणी ‘मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजिस्ट’, आणि केवळ रक्त काढण्याच्या जागेला कोणी ‘फ्लेबॉटॉमिस्ट’ म्हणतो. तिने प्रथम वहीत आपल्या कामाची अशी सारी नावे लिहून काढावीत. मग प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत घालावे, म्हणजे ते शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. दोन नावांमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहावे, म्हणजे दोन्हींपैकी कोणतेही चालेल असा अर्थ होतो. नको असलेल्या शब्दापूर्वी तसेच ‘नॉट’ लिहावे. गाव निवडावे, अनुभवाची पायरी निवडावी, आणि ‘गेल्या चोवीस तासांत’ निघालेल्या जागा वेगळ्या काढाव्यात. जुन्या जाहिरातीवर शेकडो अर्ज आधीच पडलेले असतात. पहिल्या दिवशी गेलेला अर्ज निदान वाचला जाण्याचा संभव अधिक. हाच शोध जतन करून त्यावर ‘अलर्ट’ लावला की, नवी जागा निघताच सूचना येते.

दुसरी गोष्ट. साऱ्या जागा नोकऱ्यांच्या रकान्यात येत नाहीत. भोसरी, चाकण किंवा वाळूजचा एखादा लहान कारखानदार पैसे भरून जाहिरात देत नाही. त्याचा व्यवस्थापक आपल्या खात्यावर दोन ओळी लिहितो, “दोन फिटर पाहिजेत, आय.टी.आय. झालेले.” म्हणून नोकऱ्यांच्या रकान्याबरोबरच लोकांच्या मजकुरातही शोध घ्यावा आणि ताजा मजकूर आधी येईल असा क्रम लावावा. फेसबुकवर गावोगावच्या नोकरीविषयक गटांत भिंगाचे चिन्ह दाबून त्या गटापुरता शोध घेता येतो. एक्सवर ‘लेटेस्ट’ हा भाग उघडला की सर्वांत नवे आधी दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. लिंक्डइनवर आपल्या महाविद्यालयाचे पान उघडले, तर तेथून शिकून गेलेले लोक आज कोणत्या संस्थेत व कोणत्या गावी काम करीत आहेत, हे पाहता येते. ही तुमची दूरची ओळख आहे. तिला लाजू नका. पण तिच्यापुढे हातही पसरू नका. “मला नोकरी लावा” असे लिहू नका. असे लिहा: “मी आपल्याच तंत्रनिकेतनातून अमुक साली पदविका घेतली आहे. आपल्या खात्यात कोणते काम येणे आवश्यक असते, आणि जागा निघाल्यास ती कोठे जाहीर होते, हे कृपया सांगाल काय?” माहिती विचारण्यात लाचारी नाही. दहांपैकी आठजण उत्तर देणार नाहीत. न देवोत! दोघांनी दिले तरी वेशीपलीकडे दोन माणसे तुम्हाला ओळखू लागली.

नावाचा प्रश्न

आता ज्या शंकेने तरुणांचे मन आतून पोखरले जाते, तिच्याकडे वळू. “आमचे आडनाव पाहूनच अर्ज बाजूला टाकतात, मग शोधून काय उपयोग?” ही शंका खोटी नाही. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. खासगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फरक केवळ नावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने दलित आडनावाला पुढील फेरीचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश निघाले. मुसलमान नावाला तर एक-तृतीयांशच. ज्यांना ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून रात्रंदिवस आरक्षणावर दात खाण्याची सवय आहे, त्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावे. सारखाच कागद आणि निराळे आडनाव. येथे गुणवत्ता कोठे गेली?

पण या आकड्यांचा निष्कर्ष ‘अर्जच करू नये’ असा काढणारा तरुण अन्याय करणाऱ्याचेच काम हलके करतो. हिशेब सरळ आहे. त्यांना दहा अर्जांत जेवढी बोलावणी येतात, तेवढ्यांसाठी आपल्याला साधारण पंधरा अर्ज करावे लागतात. हा अन्याय आहे. तो आम्ही अन्यायच म्हणू. परंतु ज्याला तीनच जागांची बातमी लागते, तो पंधरा अर्ज करणार कसा? शोधाचे साधन अन्याय नाहीसा करीत नाही; पण पंधरा जागा तुमच्या दृष्टीस आणून देते. आणि प्रत्येक अर्जाची नोंद वहीत ठेवा. तारीख, जागा, पात्रता, उत्तर आले किंवा नाही. एका तरुणाची वही म्हणजे तक्रार. हजार तरुणांच्या वह्या म्हणजे पुरावा.

आडनाव लपवावे काय? काहीजण लपवितात. काहीजण आपल्या खात्यावरून बुद्धाचे चित्र काढून टाकतात, निळा रंग पुसतात. पोटासाठी असे करणाऱ्यास आम्ही शिव्या देणार नाही. शरमेने मान खाली जावयाची असेल तर ती ज्याच्यामुळे हे करावे लागते त्याची गेली पाहिजे. पण आमचे मत स्पष्ट आहे. खात्याच्या पहिल्या ओळीत तुमचे काम असू द्या. कोणते यंत्र चालविता, कोणती परीक्षा उत्तीर्ण आहात, हे आधी दिसू द्या. नाव मात्र पूर्ण असू द्या. आपल्या माणसांनी धर्मांतर केले ते नाव लपविण्यासाठी केले नाही.

फसवणुकीपासून सावध!

जेथे भूक आहे तेथे लांडगे जमतात. समाजमाध्यमांवर खोट्या नोकऱ्यांचा बाजार भरला आहे. ‘घरबसल्या काम’, ‘परीक्षेविना सरकारी नोकरी’, ‘परदेशात मोठा पगार’ असली आमिषे दाखवून नोंदणीचे पैसे, गणवेशाचे पैसे, प्रशिक्षणाचे पैसे उकळले जातात. याहूनही भयंकर प्रकार म्यानमार, कंबोडिया व लाओस येथे घडले. समाजमाध्यमांवरील नोकरीच्या जाहिरातींना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना तेथे कोंडून ठेवून, लोकांना ऑनलाइन लुबाडण्याचे काम त्यांच्याकडून जबरदस्तीने करवून घेण्यात आले. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ साली याबाबत जाहीर इशारा दिला होता. बौद्धाने सम्यक आजीविकेचा मार्ग धरावयाचा असतो. दुसऱ्याला लुबाडून मिळालेली भाकरी वतनाच्या भाकरीहूनही हीन आहे.

भगवान बुद्धाने कालामांना काय शिकविले? कोणी सांगितले म्हणून, सारे म्हणतात म्हणून, सांगणारा थोर दिसतो म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका. स्वतः पारखून घ्या. नोकरीच्या प्रत्येक संदेशाला ही कसोटी लावा. जाहिरात समाजमाध्यमावर दिसली तरी त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती आहे काय ते पाहा. सरकारी म्हणविणारी जाहिरात सरकारी संकेतस्थळावर नसेल तर ती खोटी समजा. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा मालक नसतो, भामटा असतो. परदेशी पाठविणाऱ्या दलालाची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत आहे काय ते तपासा. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका; १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

जाहिरात वाचणे हेही हक्काचे रक्षण आहे

सरकारी जागांच्या बाबतीत तर शोधाचे महत्त्व दुप्पट आहे. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी! इतक्या झगड्याने मिळालेला हक्क जाहिरात वेळेवर न कळल्यामुळे किंवा प्रमाणपत्र तयार नसल्यामुळे वाया जावा, हे लाजिरवाणे आहे. केंद्राच्या व राज्याच्या प्रमाणपत्रांचे नमुने वेगळे असतात. जागा निघाल्यावर तहसील कार्यालयाकडे धावू नका, आधीच दोन्ही तयार ठेवा.

आणि जाहिरात केवळ अर्जासाठी वाचावयाची नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने वरिष्ठ दर्जाच्या ४५ जागा बाहेरून थेट भरण्याची जाहिरात काढली. त्यांत आरक्षण नव्हते. लोकांनी ती वाचली, तिचा अर्थ ओळखला, देशभर ओरड झाली, आणि चारच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. वाचणारे डोळे जागे असले म्हणजे सत्तेलाही मागे फिरावे लागते. ज्या जाहिराती कोणी वाचल्याच नाहीत, त्यांतून किती हक्क निसटून गेले असतील?

वशिला आणि बातमी यांतील फरक

आता आपल्या शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या बांधवांना दोन शब्द. १९५६ साली आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती तुमच्याचविषयी होती. तुमच्या कचेरीत जागा निघते, सूचनाफलकावर कागद लागतो, आणि तुम्ही तो पाहून पुढे निघून जाता. वस्तीत सांगत नाही. का, तर ‘लोक मागे लागतात’!

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, आणि त्याला आम्ही बगल देणार नाही. “आपणही आपल्याच लोकांना सांगू लागलो, तर आपण आणि तो जॉबर यांत फरक काय?” फरक आहे, आणि तो मूलभूत आहे. दार लावून घेऊन आपला माणूस मागच्या बाजूने आत घेणे, हा वशिला. दार कोठे आहे आणि केव्हा उघडते हे मोठ्याने सर्वांना सांगणे, ही बातमी. पहिल्यात दुसऱ्याचा हक्क मारला जातो. दुसऱ्यात कोणाचाही मारला जात नाही. आम्ही तुमच्याकडे वशिला मागत नाही. बातमी मागतो. जागा निघाल्याचे उघडपणे लिहा, सर्वांना दिसेल असे लिहा. आपल्या जातीबाहेरच्या गरिबालाही ती दिसली, तर उत्तमच.

आमची सूचना अशी आहे. रविवारी विहारात वंदना झाली की एक तास नोकऱ्यांच्या शोधासाठी ठेवा. ज्याला शोधाची साधने वापरता येतात त्याने इतरांना शिकवावे. आठवड्यात निघालेल्या, पारखून घेतलेल्या जागा फळ्यावर लिहा. शेवटची तारीख ठळक लिहा. खोट्या निघालेल्या जाहिरातींचीही वेगळी यादी लावा. मिरवणुकीच्या वर्गणीला जेवढा उत्साह दाखविता, त्याच्या निम्मा येथे दाखवा.

आणि या तासाला मुलींना पुढे बसवा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशीच स्वतःच्या वापराचा मोबाईल होता. आपल्या घरातील स्थिती तपासून पाहा. मुलगा मोबाईल घेऊन कट्ट्यावर जातो आणि पदविका घेतलेली बहीण त्याच्या परतण्याची वाट पाहते, असे तुमच्या घरी होत असेल, तर तुमच्या घरात मनू अजून मुक्कामाला आहे असे समजा. मोबाईल तिच्या हाती द्या. आणि तिला आलेला संदेश तिच्या आधी वाचण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही घरात सांगा.

सरकारकडे व मालकांकडे आमची मागणी आम्ही सोडलेली नाही. अमुक संख्येहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेने, आणि सरकारी कामे घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने, आपली प्रत्येक रिकामी जागा उघडपणे जाहीर केली पाहिजे. कोणत्या समाजातील किती अर्ज आले व किती माणसे घेतली, याचे आकडे प्रसिद्ध केले पाहिजेत. १९५९ च्या कायद्यातील पळवाट पुन्हा चालू देता कामा नये. परंतु कायदा होईपर्यंत तुमचा मुलगा अठरा वर्षांचा राहणार नाही. लढा एका हाताने चालवा, दुसऱ्या हाताने शोध घ्या.

बंधु-भगिनींनो, वतनाची भाकरी जन्माने मिळत होती. ती तुम्ही नाकारलीत. वशिल्याची भाकरी कृपेने मिळते, तीही नाकारा. आज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मुलामुलीला जवळ बसवा, वही उघडा आणि पहिल्या पानावर त्यांच्या कामाची जितकी नावे सुचतील तितकी लिहून काढा. शोध तेथून सुरू होतो. पुढचा अर्ज उद्या सकाळी गेला पाहिजे.

जयभीम!